फिंच पक्ष्यांचा 'अहिंसक' गृहोद्योग : माझा विरोध का?



आमच्या आनंदनगरच्या महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत एक प्रस्ताव यायचा आहे. अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात राहणाऱ्या, रोजचा लोकलचा धक्काबुक्कीचा प्रवास नको असलेल्या आपल्या मुली-सुनांना घरबसल्या उद्योग म्हणून फिंच पक्ष्यांचे 'कलर ब्रीडिंग' शिकवायचे, असा तो प्रस्ताव. दोन-तीन घरांच्या बाल्कनीत हे सुरूही झाले आहे. कागदावर त्याला नाव दिले आहे 'अहिंसक गृहोद्योग'. माझा विरोध उद्योगाला आहेच, पण त्याहून जास्त त्या पहिल्या शब्दाला आहे. बैठकीत मला पाच मिनिटे मिळतील आणि त्यातली दोन 'काकू, आता काळ बदलला' हे ऐकण्यात जातील. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी त्यांची बाजू सांगते, कारण ती मांडणाऱ्या सुना हुशार आहेत आणि मनाने वाईट मुळीच नाहीत. त्या म्हणतात, हा पक्षी दाण्यावर जगणारा. कांगणी म्हणजे आपला राळा आणि बाजरी खातो. जंगलातून पकडून आणलेला नाही, पिंजऱ्यातच जन्मलेला. आपली देशी मुनिया धरणे-विकणे 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, पण हा ऑस्ट्रेलियातला, म्हणून त्यातून सुटतो. बाजारात मुनियांना गुलाबी-हिरवा रंग फासून विकतात तशी फसवणूक इथे नाही, इथला रंग रक्तातला. पिढ्यान्‌पिढ्या रंग कसा उतरतो त्याचे पक्के शास्त्र आहे, मुलांनाही शिकायला मिळते. आणि शेवटी हुकमाचे पान : "यात मरते कोण, काकू?"

शास्त्राशी माझे भांडण नाही. मी ते वाचून, वहीत आकडे मांडून समजून घेतले. मी कॉमर्सची पदवीधर. शक्यता, टक्केवारी आणि कॉस्टिंग या गोष्टी चाळीस वर्षांपूर्वी शिकले त्या अजून हातात आहेत. माझा विरोध त्या शास्त्रातूनच आला आहे. तेव्हा थोडे गणित सहन करा.

हा झेब्रा फिंच म्हणजे बारा-तेरा ग्रॅमचा जीव. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखात हजारोंच्या संख्येने राहतो. मूळ रंग राखाडी. नराच्या गालावर नारिंगी ठिपका, गळ्यावर बारीक काळे-पांढरे पट्टे, कुशीला तपकिरी रंगावर पांढरे ठिपके, मादी साधी. रानात सगळे असेच दिसतात. पिंजऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या पाळताना मधूनच एखादे पिल्लू वेगळ्या रंगाचे निघते, कारण रंग बनवण्याची जी सूचना शरीरात असते तिच्यात आपोआप बदल होतो. त्यालाच म्युटेशन म्हणतात. हा काही नवा रंग देवाने दिलेला नसतो, बहुतेक वेळा असलेला रंग बनण्याचे काम कुठेतरी अडलेले असते. काळा रंग बनता बनता तपकिरीवर थांबला की बदामी पक्षी होतो, त्याला 'फॉन' म्हणतात. बनलाच नाही की पांढरा. रानात असे पिल्लू ससाण्याच्या नजरेत पहिले भरते. पिंजऱ्यात माणसाच्या नजरेत भरते.

आता वारशाचा नियम. मेंडेल नावाच्या धर्मगुरूने वाटाण्याच्या वेलांवर तो शोधला आणि 1866 मध्ये प्रसिद्ध केला. प्रत्येक पिल्लाला एका गुणाच्या दोन चिठ्ठ्या मिळतात, एक बापाकडून, एक आईकडून. पांढऱ्या रंगाची चिठ्ठी दबून राहणारी आहे. दोन्ही चिठ्ठ्या पांढऱ्या असल्या तरच पक्षी पांढरा. एकच असली तर तो दिसायला राखाडी, पण पोटात पांढरा लपलेला. याला पक्षीवाले 'स्प्लिट' म्हणतात. दोन स्प्लिटांची जोडी लावली तर काय होईल? दारात चार घरांची रांगोळी काढा. वरच्या बाजूला बापाच्या दोन चिठ्ठ्या, डाव्या बाजूला आईच्या दोन. चारातल्या एका घरात पांढरा-पांढरा येतो, दोन घरांत मिश्र, एका घरात शुद्ध राखाडी. म्हणजे सरासरी चार पिलांत एक पांढरे. उरलेली तीन दिसायला सारखीच राखाडी. त्यातली दोन स्प्लिट असतात, पण कोणती दोन ते डोळ्यांनी कळत नाही. ती 'पॉसिबल स्प्लिट' म्हणून विकायची.

इथे मला माझे कॉस्टिंगचे पुस्तक आठवते. एका कच्च्या मालातून दोन वस्तू निघाल्या तर हवी ती मुख्य वस्तू, उरलेली बाय-प्रॉडक्ट. आणि उत्पादनात जी नासाडी होणारच असते तिला म्हणतात 'नॉर्मल लॉस'. तिचा खर्च चांगल्या मालावर पसरून टाकायचा, वहीत वेगळी दाखवायची नाही. साखरेच्या कारखान्यात मळी निघते तिथपर्यंत हे ठीक. पण इथे बाय-प्रॉडक्ट म्हणजे तीन जिवंत पिले आहेत. पंचेंद्रिय जीव.

आणि एका पांढऱ्यावर कोणी थांबत नाही. पांढरा जुना झाला, सगळ्यांकडे आहे. आता मागणी जोड-रंगाला. समजा, एकाच पक्ष्यात 'ब्लॅक ब्रेस्ट' आणि 'पेंग्विन' हे दोन प्रकार हवेत. दोन्ही दबून राहणारे. एक पक्षी या प्रकारचा, दुसरा त्या प्रकारचा, अशी जोडी लावली तर पहिल्या पिढीत सगळी पिले साधी दिसतात. हवे ते एकही नाही. ती पिले मोठी करायची, त्यांची आपसांत जोडी लावायची, तेव्हा सोळात एक हवे तसे निघते. एक चतुर्थांश गुणिले एक चतुर्थांश. तो एकच पक्षी निघाला तरी उपयोग नाही, जोडी हवी, एक नर एक मादी. त्यासाठी सरासरी तीन हवे तसे पक्षी निघावे लागतात : पहिला कोणताही, आणि त्याच्या विरुद्ध लिंगाचा मिळेपर्यंत सरासरी आणखी दोन. तीन गुणिले सोळा, अठ्ठेचाळीस. एका जोडीसाठी सरासरी 48 पिले जन्माला घालायची, त्यातली 45 नको ती. पहिल्या पिढीची पिले यात धरलेलीच नाहीत. तिसरा गुण मिसळायचा म्हटला तर चौसष्टात एक. हा हिशेब मी वाढवून सांगत नाही, कुठल्याही ब्रीडरला विचारा, तो मान डोलावेल.

त्यात ही 'आपसांत जोडी' म्हणजे कोणाची? पहिल्या पिढीची पिले सख्खी भावंडे. वेगळ्या घराण्याचे स्प्लिट मिळाले नाहीत तर भाऊ-बहीण किंवा बाप-लेक लावणे हाच जवळचा रस्ता, आणि नवीन रंग 'पक्का' करायला तो सर्रास वापरला जातो. अशा जोडीच्या पिलात कोणत्याही एका गुणाच्या दोन्ही चिठ्ठ्या एकाच पूर्वजाच्या असण्याची शक्यता चारात एक असते. हवा तो रंग त्यामुळेच बाहेर येतो. पण नको ते दोषही त्याच दाराने बाहेर येतात. रंग तेवढा निवडून घेता येत नाही.

"पण ती 45 मरत कुठे, काकू? विकली जातात." जातात ना. स्वस्तात, जोडीने, भोके पाडलेल्या खोक्यातून. कुणाच्या वाढदिवसाला, कुणाच्या दुकानात. विकली म्हणजे आपल्या वहीतून गेली एवढेच. त्यातली किती पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जगली याची नोंद कोणत्याही ब्रीडरकडे नसते. मालाची ने-आण करताना किती फुटला हे दुकानदार तरी लिहून ठेवतो.

यावर एक चांगला आक्षेप आहे आणि तो मला एका सुनेने घेतला, त्याला उत्तर दिलेच पाहिजे. ती म्हणाली, शास्त्र नीट वापरले तर नको असलेली पिले होतच नाहीत. पांढरा नर, पांढरी मादी, सगळी पिले पांढरी, शंभर टक्के. नासाडी शून्य. बरोबर आहे. रांगोळीची चारही घरे पांढरी होतात. पण मग तीच विचारून बघा, सगळ्यांकडे शंभर टक्के पांढरे निघू लागल्यावर पांढऱ्याचा भाव काय राहतो? भाव त्या रंगाला नसतो, तो दुर्मिळ असण्याला असतो. आणि दुर्मिळ म्हणजे ज्याच्यामागे नको असलेली पुष्कळ निघतात तो. सोळात एक निघतो म्हणूनच तो महाग. ज्या दिवशी तो सहज निघू लागतो त्या दिवशी उद्योग पुढच्या रंगाकडे सरकतो आणि पुन्हा सोळा-चौसष्टाचा खेळ सुरू. शिवाय अनुभवी ब्रीडर स्वतःच सांगतात की रंगीत-रंगीत सतत लावत गेले की पक्षी लहान आणि अशक्त होत जातात, म्हणून मधूनमधून साध्या राखाडीशी संकर करा. म्हणजे पुन्हा स्प्लिट आणि पुन्हा उरलेली पिले. बाजार आहे तोवर शून्य नासाडीचा रंग हा तोट्याचा रंग आहे.

ज्यांना 'मरते कोण' याचे थेट उत्तर हवे त्यांनी तुऱ्याकडे पाहावे. डोक्यावर पिसांचा तुरा असलेले फिंच आणि कॅनरी फार मागणीचे. तुऱ्याची चिठ्ठी वरचढ आहे, एक असली तरी तुरा येतो. पण दोन तुऱ्याच्या चिठ्ठ्या एकत्र आल्या तर पिल्लू जगत नाही. बहुधा अंड्यातच मरते. तुरेवाला नर आणि तुरेवाली मादी लावली की चारातले एक अंडे मृत्यूचे. म्हणून जाणकार एकाच पक्ष्याला तुरा ठेवतात, जोडीदार साधा. पण दुकानात 'मॅचिंग पेअर' मागणारे गिऱ्हाईक असते, आणि देणाराही असतो. न फुटलेले अंडे फेकताना ते 'खराब' होते असे म्हटले जाते. आपण सूर्यास्तानंतर दिवा लावताना त्यावर पतंग येऊ नये म्हणून जपणाऱ्या बायका. त्या चौथ्या अंड्याला आपण काय म्हणणार?

फॉन रंगाचा वारसा मात्र वेगळ्या वाटेने जातो. थोडी गंमत आहे त्यात, म्हणून सांगते. माणसांत बाईकडे एक्स-एक्स आणि पुरुषाकडे एक्स-वाय. मुलगा की मुलगी हे बापाच्या बाजूने ठरते. तरी आपल्या समाजात मुली झाल्या म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या सासवा मी पुष्कळ पाहिल्या, शिकलेल्यासुद्धा. पक्ष्यांत उलटे आहे. नराकडे झेड-झेड, मादीकडे झेड-डब्ल्यू, म्हणून पिल्लू नर की मादी ते आईच्या अंड्यात ठरते. फॉनची चिठ्ठी झेडवर असते. मादीकडे झेड एकच, त्यामुळे ती काही लपवू शकत नाही; चिठ्ठी असली की रंग दिसतो. स्प्लिट फक्त नर. फॉन नर आणि राखाडी मादी लावली तर सगळ्या लेकी फॉन, सगळे मुलगे राखाडी पण स्प्लिट. उलट केले, राखाडी नर आणि फॉन मादी, तर सगळीच पिले राखाडी. आईचा रंग मुलांच्या आत लपतो आणि त्या मुलांच्या लेकींत बाहेर येतो. आजीचा रंग नातीला. ऐकायला गोड वाटते. पण ब्रीडरच्या वहीत याचा अर्थ एवढाच की पिसे फुटताच कोणत्या पिलाला ठेवायचे आणि कोणाला काढायचे ते कळते. (रंगावरून मुलगी पास-नापास करण्याची सवय आपल्या बायोडेटांतही आहेच. तो वेगळा लेख होईल.)

रंगीबेरंगी गोल्डियन फिंच हाही या प्रस्तावात 'पुढचा टप्पा' म्हणून आहे. त्याच्यात काळ्या डोक्याचे आणि लाल डोक्याचे असे नैसर्गिक प्रकार असतात. सारा प्राईक आणि सायमन ग्रिफिथ या संशोधकांनी 2009 मध्ये 'सायन्स' मासिकात प्रसिद्ध केले की वेगवेगळ्या डोक्यांची जोडी लागली तर पिलांची मरतूक वाढते, आणि त्यात माद्या नरांपेक्षा कितीतरी जास्त मरतात. रानात मादी आपल्यासारख्या डोक्याचाच जोडीदार शोधते. पिंजऱ्यात तिला कोण विचारतो?

या पक्ष्याचे नाव एलिझाबेथ गोल्ड या चित्रकार बाईवरून पडले. तिचा नवरा जॉन गोल्ड पक्षीशास्त्रज्ञ. त्याच्या पुस्तकांतली शेकडो पक्ष्यांची चित्रे तिच्या हातची. आठव्या बाळंतपणानंतर 1841 मध्ये ती गेली, चाळिशीही गाठली नव्हती. हे वाचल्यापासून पिंजऱ्यातल्या मादीकडे माझे जास्त लक्ष जाते, आणि माझा खरा राग तिथे आहे.

झेब्रा फिंच कोरड्या मुलखातला असल्यामुळे त्याच्या शरीराला एक सवय आहे : पाऊस पडला, गवताला दाणा आला की लगेच अंडी घालायची, कारण पुढचा पाऊस कधी ते माहीत नाही. पिंजऱ्यात पाणी रोज आणि दाणा रोज. म्हणजे तिच्या शरीराच्या हिशेबाने पावसाळा संपतच नाही. घरटे समोर असले की ती घालतच राहते. एक अंडे साधारण एक ग्रॅमचे. एका वेळी चार ते सहा. बारा ग्रॅमच्या देहातून आठवडाभरात पाच ग्रॅम. आपल्या देहाला हे प्रमाण लावून पाहा. बारा-चौदा दिवस उबवणे, मग तीन आठवडे भरवणे, आणि ते संपायच्या आत पुढचे अंडे. हाडांतला चुना त्या कवचांत उतरत जातो आणि एक दिवस अंडे आत अडते. अडलेली मादी पिंजऱ्याच्या तळाशी पिसे फुगवून बसते आणि बहुतेक वेळा वाचत नाही. चांगले ब्रीडर वर्षाला दोन-तीन वेळांवर थांबतात. पण 48 चा आकडा समोर असताना किती जणी थांबतील, आणि त्यांना थांबा म्हणायला मंडळातली कोण जाणार?

बरे, तिचा झिजलेला चुना भरून काढायला काय देतात? पिंजऱ्याला अडकवलेला तो पांढरा तुकडा, समुद्रफेण. नावात फेण असले तरी तो समुद्रातल्या एका प्राण्याच्या अंगातला भाग आहे. आणि पिलांच्या दिवसांत 'एग फूड', म्हणजे कोंबडीचे उकडलेले अंडे कुस्करून, टोस्टच्या चुऱ्यात कालवून, कधी कवचासकट. ज्या स्वयंपाकघरात आपण बटाटा येऊ देत नाही, चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य करतो, तिथल्या गॅसवर अंडे उकडायचे? एक जण म्हणाली, त्याऐवजी भिजवलेली डाळ घालू. घाला. पण मग प्रशिक्षण देणाऱ्यालाही तसे सांगा, कारण त्याच्या कागदावर अंडे पहिल्या ओळीत आहे.

आता धर्माचे. आपल्या दिगंबर घरांत दशलक्षण पर्वात तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय वाचतात. सातव्या दिवशी सातवा. त्यात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार येतात : बांधून किंवा कोंडून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, ताकदीबाहेर ओझे लादणे, अन्नपाणी तोडणे. पहिला अतिचार बंध आहे. मारणे दुसरे येते. 'मारत तर नाही ना' हे उत्तर त्यामुळे अपुरेच. आणि अतिभार म्हणजे काही फक्त बैलाच्या पाठीवरचे पोते नव्हे, त्या बारा ग्रॅमच्या मादीवर लादलेली अंडी मला त्याच यादीत दिसतात.

आमच्या श्वेतांबर भगिनी प्रतिक्रमणात पंधरा कर्मादाने म्हणतात, म्हणजे श्रावकाने टाळायचे पंधरा धंदे. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात त्यांचा खुलासा केला आहे. केशवाणिज्य म्हणजे दोन पायांच्या आणि चार पायांच्या जिवांची विक्री. असतीपोषण म्हणजे पैशासाठी मैना, पोपट, मोर असे जीव पोसणे. पैशासाठी, हा शब्द तिथे स्पष्ट आहे. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी पक्ष्यांचा धंदा डोळ्यांसमोर ठेवून ही बंदी लिहिली गेली आणि आज आपण त्याला अहिंसक म्हणून मंडळाच्या कागदावर छापतो आहोत! नेमिनाथ भगवंतांचे नाव मी इथे मुद्दाम घेत नाही. त्यांची वरात ज्या वाड्यापाशी थांबली तो तुम्हा सगळ्यांना पाठ आहे.

उलट आपल्याकडे परंपरा आहे ती पांजरपोळाची. मुंबईचे पांजरपोळ 1834 मध्ये सुरू झाले. शेठ मोतीचंद अमीचंद आणि पारशी सर जमशेटजी जिजीभॉय यांनी ते उभे केले. दिल्लीला लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचे रुग्णालय आहे, बरे झालेले पक्षी तिथून सोडून देतात. या दोन्ही ठिकाणी कुणालाही नको असलेले जीव येतात आणि आपण त्यांना सांभाळतो. कलर ब्रीडिंगमध्ये नको असलेले जीव आपणच जन्माला घालतो, हिशेब करून, चारात तीन या दराने.

बाकी आक्षेप थोडक्यात. 'आपण नाही केले तर दुसरे करतील' : करतील, कत्तलखानेही दुसरेच चालवतात. 'दूध कसे चालते मग?' हा प्रश्न खरा आणि अवघड आहे, त्यावर मी वेगळे लिहीन. पण एक प्रश्न अवघड आहे म्हणून दुसरा सोपा होत नाही. 'कायद्यात बसते' : देशी पक्षी नाही म्हणून वन्यजीव कायद्यातून सुटाल, पण पाळीव प्राण्यांच्या विक्रीसाठी 2018 चे पेट शॉप नियम आहेत, त्यांत पक्षी येतात आणि 'दुकान' म्हणजे विक्रीची कोणतीही जागा, त्यासाठी राज्य मंडळाकडे नोंदणी लागते. प्रस्तावाच्या कागदात याचा उल्लेख नाही. 'मुलींना कमाई हवी' : हवीच. जीएसटीचे रिटर्न भरणे, दुकानांची हिशेबाची कामे, हे घरी बसून होते आणि मी शिकवायला तयार आहे, फुकट. ही माझी मंडळाला लेखी ऑफर समजा.

आता ज्यांच्या बाल्कनीत पिंजरे आहेतच त्यांच्यासाठी. 'चूक झाली, सोडून देऊ' असे कृपा करून करू नका. पर्युषणात पक्षी विकत घेऊन सोडण्याची आपली जुनी हौस आहे. पण हा पक्षी इथला नाही, ताटलीतला दाणाच त्याला ठाऊक, आणि आनंदनगरचे कावळे तासाभरात त्याचा निकाल लावतील. ज्याला बाहेर जगता येत नाही त्याला घरातच शेवटपर्यंत सांभाळणे भाग आहे. पाच-सात वर्षे जगतात, कधी जास्त. एकटा ठेवू नका, थव्यातला जीव आहे, एकटा झुरतो. लहान लहान पिंजऱ्यांऐवजी एकच लांबरुंद जाळीची जागा करा, उंचीपेक्षा लांबी जास्त, म्हणजे निदान या टोकापासून त्या टोकापर्यंत पंख मारता येतील. जमल्यास नर एकीकडे, माद्या दुसरीकडे.

आणि घरट्यांची मडकी काढून टाका. घरटे नसले, दाणा साधा ठेवला की अंडी बहुतेक थांबतात. मात्र आत अंडी किंवा पिले असतील तर ती मडकी लगेच उतरवू नका. ती पिले मोठी होऊ द्या. पाच-सहा आठवड्यांत ती स्वतः दाणा टिपू लागतात, तरी त्यांना आणखी महिनाभर बापाजवळ राहू द्या. नर पिल्लू आपले गाणे याच दिवसांत बापाकडून शिकते, आणि विकणारे नेमके त्याच्या आत पिलांना खोक्यात भरतात. मग मडकी काढा, उकळत्या पाण्याने नको, साध्या पाण्याने धुवा, आधी आत बारीक किडे आहेत का ते पाहून ती सावलीत झटकून घ्या. कुणाला नको असतील तर माझ्याकडे पाठवा. गच्चीवर चिमण्यांच्या पाण्यासाठी मला तशीही हवी आहेत.